रंगूनच्या गलबतासाठी बायकोची चिठ्ठी

अर्जदार: मी. वय सेहेचाळीस. धंदा अर्जनविशी. शिक्षण फोर्थ फॉर्मपर्यंत, त्यापुढे स्वतःच्या बुद्धीने. राहणार पूर्वी कुंभकोणम्, हल्ली नागपट्टणम्.

प्रतिवादी नंबर एक: माझी धर्मपत्नी. वय अदमासे चाळीस. हल्ली मुक्काम माहेरी, नाचियार्कोविल्.

प्रतिवादी नंबर दोन: तिचा वडील बंधू, पितळी समयांचा व्यापारी, राहणार तेथेच.

प्रतिवादी नंबर तीन: कचेरीच्या ओसरीवर अठरा वर्षे माझ्या शेजारी बसलेला अर्जनवीस. हा आता माझ्या जागेवर बसतो. मराठी वाचणे माझ्याच शेजारी शिकला.

साक्षीदार: एक तांडेल. याला लिहितावाचता येत नाही.

घटनांचे दिवस: तई, म्हणजे संक्रांतीपासूनच्या तमिळ महिन्यातील तिसरा शुक्रवार, त्यानंतरचा शनिवार, आणि चित्तिरै, म्हणजे चैत्र-वैशाखाचा महिना, संपण्यापूर्वीचा एक बुधवार.

नावे मुद्दाम घातलेली नाहीत. नावाशिवाय कागद उभा राहत नाही हे मला कोणी शिकवावे असे नाही. पण हा कागद कचेरीत जायचा नाही. ज्यांच्याविरुद्ध तो आहे ते स्वतःला पहिल्या ओळीतच ओळखतील, आणि इतरांना आमची नावे कळून काय करायचे आहे? पुण्याकडून यात्रेला आलेले एक गृहस्थ माझे मराठी ऐकून माझ्या तोंडावर हसले होते. "अहो, हे तर बखरीतले बोलणे!" असे म्हणाले. त्यांनीही हा वाचावा आणि हसायचे तेवढे हसून घ्यावे. बखरीतल्या माणसांना निदान हाती घेतलेले वाक्य पुरे करता येत असे.

आता हकीकत.

बावीस वर्षे मी कुंभकोणम्‌च्या एका कचेरीच्या ओसरीवर तिसऱ्या खांबाशी बसलो. तिसरा खांब म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पहिल्या खांबावर पावसाची झड येते, दुसऱ्यावर दुपारचे ऊन. पायऱ्या चढून आलेला पक्षकार दम घेण्यासाठी थांबतो तो तिसऱ्या खांबाशी, आणि दम परत येताच त्याला आपले दुःख आठवते. त्या क्षणी समोर पेटी उघडून कोण बसले आहे, यावर अर्जनविसाचे सारे आयुष्य अवलंबून असते. ओसरीचा नियम असा की जागा सोडली म्हणजे गेली. आजारपणाचीसुद्धा सूट नाही. वडील वारले तेव्हा तेराव्यापर्यंत मी माझी पेटी तेथे ठेवून तिच्यावर माझी छत्री आडवी टाकली होती, आणि तरीही प्रतिवादी नंबर तीन याने आपली चटई वीतभर पुढे सरकवली होती.

माझ्या लेखणीविषयी मी स्वतः काही बोलणार नाही. पापनाशम्‌पासून लोक येत एवढे सांगतो. पापनाशम्‌ला स्वतःची तालुका कचेरी असून लोक माझ्याकडे येत.

अशा स्थितीत एके दिवशी नागपट्टणम्‌चा एक तांडेल, म्हणजे शिडाच्या गलबताचा मुख्य, माझ्यासमोर येऊन बसला. कुंभकोणम्‌च्या एका व्यापाऱ्याने भिजलेल्या मालाबद्दल त्याच्यावर दावा केला होता आणि त्याला उत्तर द्यायचे होते. मी त्याच्याकडून चार गोष्टी ऐकल्या आणि लिहिले. खवळलेला सागर, पर्वतप्राय लाटा, काळाकुट्ट मेघ, आणि त्यांच्यामध्ये प्राणपणाने माल वाचवू पाहणारा एक निराधार वृद्ध. लिहून झाल्यावर रीतीप्रमाणे वाचून दाखविले.

तो म्हणाला, "रायरे, असा समुद्र तुम्ही कुठं पाहिला?" आम्हा तंजावरकडच्या मराठी ब्राह्मणांना तमिळ लोक रायर म्हणतात.

"पाहायची गरज काय?"

"त्या वेळी लाट नव्हती. वारा पडला होता. अकरा दिवस गलबत जागचं हललं नाही, आणि तळाच्या फटीतून पाणी मुरत राहिलं. माल त्यानं भिजला. एवढंच लिहा."

"एवढ्यानं न्यायाधीशाला दया येणार नाही."

"दया कोण मागतंय?"

मी लाटा ठेवल्या. समोरच्या वकिलाने भर कचेरीत त्याला विचारले, लाट किती उंच होती. आणि हा मनुष्य म्हणाला, लाट नव्हती. सगळे हसले. दावा तो हरला. बाहेर आल्यावर तो माझ्यावर ओरडेल म्हणून मी पेटी बंद करून बसलो होतो. तो ओरडला नाही. माझ्या चटईच्या कडेला बसून म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे. फक्त पाहिलेलं काही नाही. माझा लिहिणारा म्हातारा झाला, यंदा तो येत नाही. रंगून, तिथून पिनांग, आणि वारा फिरला की परत. बंदरोबंदरी कागद लागतात. या, पाहा, मग लिहा."

कोणताही समंजस मनुष्य हे ऐकून हसला असता. मी हसलो नाही. बावीस वर्षांत मी समुद्र हा शब्द किती कागदांत घातला असेल याचा हिशेब नाही; रंगूनला गेलेले नवरे, पिनांगला हरवलेले भाऊ, सिलोनहून न आलेली पत्रे, सगळे माझ्या पेटीतून गेले. समुद्र कुंभकोणम्‌हून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. मी त्याच्यात दोनदा अमावास्येला बुडी मारली होती, नाक धरून, गुडघाभर पाण्यात. त्या मनुष्याने माझा अपमान केला नव्हता. केला असता तर मी त्याला उत्तर दिले असते.

मी जायचे ठरविले, आणि ठरविल्यावर तयारीस लागलो. येथून पुढे ज्या ज्या लोकांनी मला छळले त्यांची जंत्री द्यायची तर हा कागद पुरणार नाही.

पोहणे आधी. तई महिन्यात कावेरीला अजून पाणी होते. मी पहाटे घाटावर जाऊन एका कोळ्याकडून पोहणे शिकू लागलो, आणि आठ दिवसांत ही बातमी भाजीबाजारापर्यंत पोचली. ओसरीवर प्रतिवादी नंबर तीन मोठ्याने विचारी, "काय रायरे, आज प्रवाहानं कुठवर पोचलात? मायवरम्‌ गाव दिसलं का?" वरचे धरण बंद होऊन पात्रात घोट्याएवढे पाणी उरले, तेव्हा त्याने मला सुचविले की आता चालत गेलो तरी चालेल. मी तळ्यावर जाऊ लागलो. धुणे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत.

मग गाठी. तांडेलाने मला वीतभर दोर देऊन चार गाठी दाखविल्या होत्या आणि डोळे मिटून सुटतील इतक्या हातात बसवा म्हणून सांगितले होते. सरावासाठी घरात दोर एकच, विहिरीचा. एके सकाळी मी मारलेली गाठ मलाच सुटेना. कळशी विहिरीत आणि गाठ रहाटाच्या चाकात. माझी बायको काही बोलली नाही. विळी घेऊन आली, दोर कापला, आणि शेजारणीकडून पाणी मागून आणले. आता वाटते, तेव्हाच तिने बोलायला हवे होते. न बोलणे हाही एक प्रकारचा पुरावा असतो, पण तो कोणत्या बाजूचा हे नंतर ठरते.

तिचा भाऊ मात्र बोलला. तो दर पंधरवड्याला समया पोचवायला कुंभकोणम्‌ला येई आणि आमच्याकडे जेवी. डांगर पचडी वाढून घेताना त्याने सुरुवात केली.

"भाऊजी, वय काय तुमचं?"

"कागदावर सेहेचाळीस."

"कागदावरचं नाही, गुडघ्यातलं विचारतोय."

मी भात कालवू लागलो.

"रंगूनला जाऊन करणार काय?"

"गलबताचे कागद सांभाळणार."

"कागद इथंही आहेत की. शिवाय इथले बुडत नाहीत." तो आपल्या बहिणीकडे पाहून हसला, ती हसली नाही. "आणि संध्या कुठल्या दिशेला तोंड करून करणार? तिथं सगळीकडे पाणीच."

"सूर्य तिथंही पूर्वेलाच उगवतो."

"उगवतो हो. पण त्याला अर्घ्य देणारा तोवर तोंडाशी बादली धरून बसलेला असतो. काय गं, तू यांना काही सांगत का नाहीस?"

ती म्हणाली, "मला कुणी विचारलंय?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. जेवताना बोललेले पुराव्यात येत नाही.

आता मुख्य बाब. तांडेलाची एक अट होती. लग्न झालेल्या माणसाला तो बायकोच्या चिठ्ठीशिवाय गलबतावर घेत नसे. याचे कारण त्याने मला सांगितले होते. फार वर्षांपूर्वी त्याचा एक खलाशी परतीच्या वाटेवर समुद्रात पडला. गलबत किनाऱ्याला लागले तेव्हा त्याची बायको येऊन नाळेखाली, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाखाली, वाळूत बसली आणि तिने ते गलबत वर ओढू दिले नाही. मारले नाही, रडली नाही. मला कोणी विचारले होते का, एवढेच येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली. पावसाळा आला, लाटांनी गलबताची एक बाजू फुटली, तरी ती बसलेली. तेव्हापासून त्याने नियम केला. बायकोने सांगितलेले कागदावर असावे, आणि ते त्याला वाचून दाखवावे.

दुसऱ्या कोणास हा कागद मिळवणे कठीण गेले असते. मला? संमतिपत्र, सोडचिठ्ठी, वाटणी, दत्तक. असे कागद मी बोलत बोलत लिहीत असे. त्या शुक्रवारी सकाळी ओसरीवर बसून मी मसुदा केला, आणि तो मी केलेल्या उत्तम मसुद्यांपैकी होता हे आजही म्हणतो. "मी खाली अंगठा करणार, राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असता, कोणाच्याही धाकाशिवाय वा भिडेशिवाय लिहून देते की, माझ्या पतीस सागरप्रवासास जाण्यास माझी पूर्ण संमती असून, दैवयोगे काही बरेवाईट घडल्यास गलबताचे मालक, तांडेल वा खलाशी यांजविरुद्ध माझी अगर माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही." खाली साक्षीदारांच्या दोन सह्या घेतल्या, एक प्रतिवादी नंबर तीन याची, एक पलीकडच्या खांबावाल्याची, आणि दुपारी जेवायला घरी आलो.

जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर कागद व शाईची गादी ठेवली. ती तांदूळ निवडत होती.

"काय हे?"

"अंगठा कर. गलबतासाठी लागतो."

"वाचा."

वाचले.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचले. तिने सूप बाजूला ठेवले.

"राजीखुशीनं म्हणजे?"

"आपल्या इच्छेनं."

"मी राजी कधी झाले? दोर कापला तेव्हा, की पाणी मागायला शेजारी गेले तेव्हा?"

"तो शब्द कायद्याचा आहे."

"मग कायद्याचा अंगठा घ्या. माझा कशाला?"

"असल्या कागदात असंच लिहितात."

"शरी, असू दे. आणि वारस? माझे वारस कोण? नावं तरी सांगा, मला ऐकू देत."

आम्हांस मूल नाही. ते वाक्य प्रत्येक संमतिपत्रात असते. ते नसले तर कागद अपुरा राहतो. हे मी तिला समजावून सांगितले. ती ऐकत होती की नाही कळले नाही, कारण ती कागदाकडे बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण रेघ कोठे संपते आणि सही कोठे सुरू होते हे कोणासही दिसते.

"खाली हे काय?"

"साक्षीदारांच्या सह्या."

"कशाचे साक्षीदार?"

"तू अंगठा केलास याचे."

"कधी केल्या सह्या?"

"सकाळी."

"सकाळी मी भांडी घासत होते." ती आपल्या अंगठ्याकडे बघू लागली, जणू तो तिला न विचारता कोठे जाऊन आला होता. "मी द्यायच्या आधीच दोघांनी बघितला?"

येथे मला माझ्या धंद्याची बाजू मांडणे भाग आहे. ओसरीवर ही रीत आहे. साक्षीदाराला त्याचे काम असते. पक्षकार बैलगाडीने येतो, उशिरा येतो, म्हणून शेजारचा आधी सही करून ठेवतो व आपण त्याच्या कागदावर करतो. यात फसवणूक नाही. मी स्वतः प्रतिवादी नंबर तीन याच्यासाठी अशा शेकडो सह्या केल्या. बावीस वर्षांत एकाही पक्षकाराने तक्रार केली नाही. पक्षकार कागदाच्या वरच्या भागाकडे बघतो, जेथे त्याचे दुःख असते.

ती उठली. गादीवर झाकण घातले. "अंगठा देणार नाही," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ घेऊन बसली.

मी जे बोललो ते येथे लिहीत नाही. ते माझ्या बाजूचे नाही.

शनिवारी तिचा भाऊ आला. त्याला कोणी निरोप दिला हे मी शोधून काढले असते, पण वेळ मिळाला नाही. तो आत न येता ओट्यावरच उभा राहिला. ती कपड्यांची पेटी घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, ही थोडे दिवस आमच्याकडे राहील. तुम्ही पाण्यावर, ती कोरड्यावर. हिशेब सरळ."

"तुम्ही तिला भरीस घातलंत."

"मी? गेली तेवीस वर्षं तिच्या वतीनं सगळं तुम्हीच बोलताय. मला मध्ये जागा कुठं होती?" मग आवाज उतरवून म्हणाला, "एकदा तिला साधं विचारा हो. कागद खिशात ठेवून विचारा."

असल्या उपदेशाला माझ्याकडे नेहमी उत्तर असते. त्या दिवशीही होते. ते देऊन मी आत गेलो, आणि बस नाचियार्कोविल्‌च्या रस्त्याला लागेपर्यंत बाहेर आलो नाही.

सोमवारी मी तिसऱ्या खांबाशी जाऊन माझी पेटी उचलली. प्रतिवादी नंबर तीन याने मी शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत वाट पाहिली, एवढी सभ्यता त्याच्यापाशी होती. मागे चटई ओढल्याचा आवाज आला. घराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवली आणि नागपट्टणम्‌ला गेलो.

तेथे गलबत वाळूत ओढून टेकूंवर उभे केले होते. ज्यांनी गलबत फक्त शब्दांत पाहिले आहे त्यांनी ते असे पाहावे: एखाद्या प्रचंड जनावराचे पोट, आणि त्याच्याखाली कापूस ठोकणारी माणसे. फळ्यांच्या फटींत कापूस दाबायचा, वरून राळ आणि तेल. तांडेलाने मला पहिल्या दिवशी लेखणी काढू दिली नाही. हातोडी दिली. "ज्या फटीतून पाणी येतं ती आधी बोटानं बघा," म्हणाला. चार दिवसांत माझ्या नखांखालची शाई गेली आणि राळ आली. ती अजून आहे.

खलाशांना माझा उपयोग करमणुकीपुरता होता. गलबत पाण्यात उतरवून नांगरावर ठेवले आणि मला वर नेले तेव्हा किनारा अजून हाकेच्या अंतरावर होता, तरी मी दिवसभर ओकत होतो. एकजण म्हणाला, "रायर समुद्राला नैवेद्य दाखवतोय." दुसरा म्हणाला, "पंक्ती लावल्यात नुसत्या." ओकारी तिसऱ्या आठवड्यात थांबली. तळहाताची कातडी दोनदा गेली, तिसऱ्यांदा आली ती वेगळी आली. माझा स्वयंपाक मी स्वतः करी, तीन दगडांवर, आणि भात करपला की त्यावरही टीका होई. मला हे लोक आवडले नाहीत. त्यांना मी आवडलो असेन असे मानण्यास कारण नाही. पण पंगुनीच्या, म्हणजे चित्तिरैच्या आधीच्या महिन्याच्या, शेवटी मी डोळे मिटून चारही गाठी सोडू शकत होतो, डोलकाठीच्या अर्ध्यापर्यंत चढत होतो, आणि पाण्याच्या रंगावरून तळ वाळूचा की चिखलाचा हे दहापैकी सहा वेळा सांगत होतो.

रोज संध्याकाळी तांडेल मला दिवसाचे टिपण करावयास लावी आणि वाचून घेई. मी लिहिले, "मंद शीतल पवन दिगंतरी विहरत होता." तो म्हणाला, "कुठून?" मी म्हणालो, "दक्षिणेकडून." "मग तेवढं लिहा. आणि दुपारी पडला होता, ते?" अशा रीतीने माझी वाक्ये एकेक करून त्याने मोडली. बावीस वर्षांचा हात एका निरक्षर माणसाने दोन महिन्यांत मोडला, आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती.

आठवड्यातून एकदा तो विचारी, "चिठ्ठी आली?"

"येईल," मी म्हणे. मी नाचियार्कोविल्‌ला तीन पत्रे पाठविली होती. पहिल्यात तिला कर्तव्याची आठवण दिली. दुसऱ्यात शास्त्राधार दिले. तिसऱ्यात फक्त गलबत सुटण्याचा सुमार कळविला.

चित्तिरै संपत आला. दक्षिणेचा वारा स्थिर होऊ लागला, गलबत किनाऱ्यालगत आणून दोराने बांधले, माल चढला, पाण्याची पिंपे भरली. माझी वळकटी आणि पेटी मागच्या बाजूला बांधून ठेवली होती. त्या बुधवारी सकाळी मेव्हणा वाळूतून चपला हातात घेऊन चालत आला. माझा अवतार पाहून त्याने चपला वाळूत टाकल्या.

"बारीक झालात," म्हणाला. कागद दिला. "तिनं सांगून लिहवून घेतलाय. मला जवळ उभं राहू दिलं नाही. परतीची बस आहे, जातो." आणि खरोखरच गेला.

अक्षर मी घडी उघडण्याआधीच ओळखले. प्रतिवादी नंबर तीन! माझ्या बायकोने नाचियार्कोविल्‌हून कुंभकोणम्‌ला जाऊन, माझ्याच खांबाशी बसलेल्या त्या मनुष्याकडून माझ्याविरुद्ध कागद करून घेतला होता.

तांडेल सुकाणूला तेल लावत होता. हात पुसून समोर बसला. "वाचा."

कागद तमिळमध्ये होता. मी आधी मनात वाचला. तो असा:

"हे मी सांगते. यांनी मला विचारलं नाही, लिहून आणलं. विचारलं असतं तर मी बोलले असते. हे जाऊन परत आले तर लोक यांचं धाडस सांगतील. न आले तर लोक कागद काढून दाखवतील, हिनंच अंगठा दिला होता म्हणतील. माझ्या रांडावपणावर मीच अंगठा करून ठेवू का? अडवत नाही. जायचं त्यांनी जावं. घर मी उघडीन, झाडीन. पण हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. मला न विचारता माझं उत्तर लिहून ठेवलंय, तेच त्यांनी जवळ ठेवावं."

खाली एक ओळ: अंगठा देण्यास नकार. साक्षीदारांची जागा कोरी.

मला प्रथम राग आला तो त्या लिहिणाऱ्याचा. हे लिहिणे आहे? अठरा वर्षे माझ्या शेजारी बसून हा मनुष्य शिकला काय? ती जे बोलली ते त्याने उतरवून काढले, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. धंद्याचे काहीच काम केले नाही. मी यातले प्रत्येक वाक्य बदलले असते. मी तेथे बसून बदलू लागलो, मनात, सवयीप्रमाणे. एकही बदलेना. जेथे हात लावावा तेथे ते तिच्या आवाजात बोले.

तांडेल वाट पाहत होता. जवळपास वाचू शकणारे कोणी नव्हते. "जायचं त्यांनी जावं," एवढे एक वाक्य मोठ्याने वाचले असते तरी ते खोटे नव्हते; ते कागदावर होते. माझी वळकटी गलबतावर होती. मी हे कबूल करतो की ते वाक्य मी ओठांवर आणले.

मग मी सगळा कागद वाचला. पहिल्या शब्दापासून, नकाराच्या ओळीसकट.

तांडेलाने तेलाचे फडके बाजूला ठेवले. "हे हो नाही," म्हणाला.

"नाहीही नाही."

"मला हो लागतं, रायरे. त्या बाईनं एक गलबत खाल्लं माझं." उठला, माझी वळकटी स्वतः खाली आणून वाळूवर ठेवली. "पुढच्या दक्षिण वाऱ्याला बघू."

गलबत शनिवारी सुटले. दोर किनाऱ्यावरून मीच सोडला, कारण ती गाठ माझी होती आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची माझी इच्छा नव्हती.

तेव्हापासून मी येथेच आहे. दोरखंडांच्या वखारीच्या ओट्यावर बसतो, खलाशांचे कागद करतो. साक्षीदार आधी सही करीत नाहीत, त्यामुळे काम रेंगाळते आणि लोक मला शिव्या देतात. मी लिहितो कमी, त्यामुळे काहींना वाटते मला येत नाही. गलबत दुसऱ्या लिहिणाऱ्याला घेऊन जाऊन परत आले. तो वल्हेसुद्धा धरू शकत नाही. ती अधूनमधून येऊन घर उघडून झाडून घेते असे कळते. मला कोणी पत्र पाठविलेले नाही. मीही पाठविले नाही, कारण मी जे लिहीन ते आधी तिच्या वतीने लिहिलेले असेल अशी मला भीती वाटते. ही भीती मला या वयात जिने दिली तिला मी अद्याप क्षमा केलेली नाही, हे स्पष्ट असावे.

सबब मागणी येणेप्रमाणे. हा कागद प्रतिवादी नंबर तीन याने प्रतिवादी नंबर एक हिला जसाच्या तसा वाचून दाखवावा. शब्द न बदलता काम करता येते हे त्याने सिद्ध केलेले आहे. प्रतिवादी नंबर दोन याने त्या वेळी हजर राहावे, पण बोलू नये. संमती मी या कागदाने मागत नाही. मी त्या शुक्रवारी दुपारी रिकाम्या हातांनी येऊन तिच्याशेजारी बसलो असतो आणि "मी जाऊ का?" एवढेच विचारले असते, तर तिने काय उत्तर दिले असते, हे तिने तिच्या शब्दांत सांगावे, आणि ते त्याच शब्दांत लिहून मजकडे पाठवावे. उत्तर नकारार्थी असल्यास तेही पाठवावे. ते मी तांडेलाला वाचून दाखवीन.

पत्ता वर दिलेला आहे. दक्षिणेचा वारा लागण्यास आता सव्वा महिना उरला आहे. त्याआधी उत्तर मिळावे, ही विनंती.